नागिणीचे पहिले तीन दिवस

माझ्या आत्याला नागीण झाली तेव्हा ती ६७ वर्षांची होती. आधी दोन दिवस उजव्या बरगडीखाली नुसती आग होत होती. पित्त असेल म्हणून तिने जेवण हलकं केलं, ओवा खाल्ला. तिसऱ्या दिवशी पाठीपासून पोटाकडे वळणारा लाल पट्टा उठला, त्यावर मोहरीएवढे पाणीदार फोड. शेजारणीने बघताक्षणी नाव सांगितलं आणि ‘उतरवणाऱ्या’चा पत्ताही दिला. त्याने गेरूचा लेप लावला, काहीतरी पुटपुटला आणि पथ्य सांगितलं. डॉक्टरांकडे ती गेली ती आठव्या दिवशी. फोड तीन आठवड्यांत पूर्ण गेले. दुखणं मात्र पुढे चौदा महिने राहिलं. साडीचा पदर पोटाला घासला तरी ती कळवळायची.

गंमत म्हणजे त्या उतरवणाऱ्यावरचा तिचा विश्वास आजही अढळ आहे. आणि एका अर्थी तिचं चुकतही नाही, कारण फोड खरंच गेले. नागिणीचे फोड साधारण सात ते दहा दिवसांत खपली धरतात आणि दोन ते चार आठवड्यांत त्वचा कोरडी होते. गेरू लावा, लावू नका, मंत्र म्हणा, न म्हणा. ते काम आपल्या त्वचेतल्या पेशी करतात. त्या काय करतात, कुठे कमी पडतात आणि कधी उगाच नुकसान करतात हे थोडं माहीत असलं, तर घरात नागीण निघाल्यावर पहिल्या तीन दिवसांत काय करायचं हे पाठ करावं लागत नाही, आपोआप कळतं. हा लेख त्यासाठी.

रोगप्रतिकारशक्तीबद्दल लिहिताना सगळे सैन्य, तोफा, किल्ले यांच्या उपमा देतात. त्वचेपुरती मला ती उपमा पटत नाही. त्वचेतलं काम गावातल्या जागल्यासारखं आहे: रोजची गस्त, ओळखीचे-अनोळखी चेहरे लक्षात ठेवणं, गडबड दिसली की हाळी देणं. त्वचेच्या वरच्या थरात फांद्या पसरलेल्या झाडासारख्या काही पेशी असतात. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने त्या १८६८ साली बर्लिनमध्ये पहिल्यांदा पाहिल्या. तेव्हा तो २१ वर्षांचा होता आणि त्या फांद्या बघून त्याला वाटलं, या मज्जापेशी आहेत. (स्वादुपिंडातली इन्सुलिन बनवणारी बेटंही त्याच्याच नावाने ओळखली जातात. मधुमेह्यांनी हे नाव ऐकलेलं असेल.) या पेशींचं खरं काम शंभरेक वर्षांनी कळलं. त्या त्वचेत शिरलेल्या परक्याचा तुकडा उचलतात आणि जवळच्या लसीका ग्रंथीत नेऊन तिथल्या टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींना दाखवतात. काखेत किंवा जांघेत अवधाण येतं ना, ते बहुतेक वेळा हा निरोप पोचल्याचं आणि तिथे पेशींची भरती सुरू झाल्याचं लक्षण असतं. अवधाण शेकून ‘जिरवण्याची’ धडपड म्हणूनच निरर्थक. ते ज्यामुळे आलंय ती जागा आधी शोधावी.

टी-पेशी तयार होऊन त्वचेत यायला काही दिवस लागतात. तोवर जागेवरच्या साध्या त्वचापेशीच किल्ला लढवतात. (बघा, मीही किल्ल्यावर आलोच.) विषाणू शिरलेली पेशी इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडते आणि त्यामुळे शेजारच्या पेशी आपली दारं लावून घेतात. नैसर्गिक मारक पेशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या पेशी आधीची ओळख नसतानाही बाधित पेशी मारू शकतात. कांजिण्या झालेल्याच्या संपर्कात आल्यापासून पुरळ उठेपर्यंत १० ते २१ दिवस जातात. त्या मधल्या काळात हीच ओढाताण चाललेली असते. कांजिण्यांच्या विषाणूचा कावेबाजपणा असा, की तो चक्क काही टी-पेशींमध्येच शिरून त्वचेपर्यंत येतो. जागल्याच्याच बैलगाडीत बसून चोर गावात यावा तसा.

नागीण हा वेगळा आजार नव्हे, कांजिण्यांचाच उरलेला भाग आहे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो विषाणू मणक्यालगतच्या आणि डोक्यातल्या संवेदी मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून राहतो, आयुष्यभर. तिथे टी-पेशींचा पहारा असतो, पण त्यांची पंचाईत असते. त्वचेची पेशी मारली तर दुसरी तयार होते, मज्जापेशी मारली तर परत मिळत नाही. हर्पिस कुळातल्याच दुसऱ्या एका विषाणूवर उंदरांमध्ये झालेल्या प्रयोगांत दिसलं, की टी-पेशी तिथे घाव घालत नाहीत. त्या विषाणूचं एक महत्त्वाचं प्रथिन कापतात आणि मज्जापेशीला जिवंत ठेवतात. वर्षानुवर्षं हा समझोता टिकतो. वय वाढतं, कांजिण्यांच्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी कमी होतात, सुस्तावतात आणि एक दिवस पहारा ढिला पडतो. विषाणू मज्जातंतूच्या आतून सरकत त्वचेपर्यंत येतो. त्याच्या वाटेवरची ती पहिली आग.

हे सगळं पहिल्यांदा नीट मांडलं ते कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेने नव्हे. एडगर होप-सिम्पसन हा इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर या गावातला साधा कौटुंबिक डॉक्टर. आपल्या दवाखान्यात आलेल्या नागिणीच्या रुग्णांची त्याने सोळा वर्षं नोंद ठेवली आणि १९६५ साली निबंध वाचला: विषाणू आतच असतो, अधूनमधून डोकं वर काढतो, शरीर त्याला दाबतं आणि प्रतिकार एका पातळीखाली गेला की तो निसटतो. वयानुसार नागीण कशी वाढत जाते हे त्याच्या वह्यांतूनच स्पष्ट दिसत होतं. कांजिण्या जिथे दाट उठतात त्या छाती-पोटावर आणि चेहऱ्यावरच नागीणही जास्त दिसते, हेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही. अमेरिकेत साधारण तिघांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी नागीण होते.

आता आपल्याकडच्या त्या प्रसिद्ध भीतीकडे येऊ. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, असं अजूनही बोललं जातं. एका गाठीतून निघालेला मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला जातो, म्हणून नागिणीचा पट्टा पाठीच्या कण्यापाशी सुरू होतो आणि पोटाच्या मधोमध येऊन थांबतो. तोंड-शेपूट जुळायला दोन्ही बाजूंच्या एकाच पातळीवरच्या गाठी एकाच वेळी उठाव्या लागतील. हे फार क्वचित घडतं आणि घडलं तरी वेटोळं पूर्ण झालं म्हणून कुणी मरत नाही. पण या समजुतीला मी नुसतं हसून सोडणार नाही. फोड एका पट्ट्यात न राहता अंगभर विखुरले, तर त्याचा अर्थ टी-पेशींना विषाणू आवरता येत नाही. कर्करोगाची औषधं चालू असलेले, अवयव बदललेले, दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे, एचआयव्हीबाधित अशांमध्ये हे होऊ शकतं आणि ते खरोखर धोक्याचं असतं. फुप्फुसं, यकृत, मेंदूपर्यंत विषाणू पोचू शकतो. तेव्हा तोंड-शेपूट बघू नका. पट्ट्याच्या बाहेर, दूरवर, नवे फोड दिसतात का ते बघा. दिसले तर दवाखाना नव्हे, थेट रुग्णालय.

पहिले तीन दिवस का, ते आता सांगतो. असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर ही औषधं विषाणूला मारत नाहीत, त्याला स्वतःच्या नकला काढू देत नाहीत. नकला निघून झाल्यावर औषध देऊन उपयोग कमी. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालं तर नवे फोड लवकर थांबतात, खपली लवकर धरते, तीव्र वेदनेचे दिवस कमी होतात. मागे राहणारं दुखणं त्याने हमखास टळतं असं मात्र नाही. आत्या पहिल्याच दिवशी गेली असती तर ते चौदा महिने आलेच नसते, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तिने एक संधी गेरूत घालवली, हे खरं. ७२ तास उलटून गेले असले तरी जावं. नवे फोड येत असतील, रुग्णाला साठी-सत्तरी गाठली असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर डॉक्टर उशिरानेही औषध सुरू करतात.

दवाखान्यात गेल्यावर चार गोष्टी न विचारता सांगा: आग कधी सुरू झाली आणि पुरळ कधी दिसलं (या दोन तारखा वेगळ्या असतात), मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का, मधुमेह आहे का आणि रोजची औषधं कोणती. असायक्लोव्हिर मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस बदलावा लागतो. पाणीही भरपूर प्यायचं असतं. असायक्लोव्हिरची गोळी दिवसातून पाच वेळा घ्यायची असते. घरातल्या वयस्कर माणसांकडून त्यातली दुपारची एक हमखास राहते. मोबाइलमध्ये गजर लावून द्या. हीच मोठी सेवा.

पुरळ उठण्याआधी ओळखता येईल का? नेहमी नाही. एकाच बाजूला, पट्ट्यासारखी आग, मुंग्या, सुया टोचल्यासारखं दुखणं आणि कपडा लागला तरी नकोसं होणं असेल, तर रोज आरशात ती जागा बघा. छातीच्या डाव्या बाजूला असेल तर मात्र ‘नागीण निघेल’ म्हणून वाट बघत बसू नका, आधी ईसीजी. नागीण हृदयविकार, पित्ताशयाचा खडा, मूतखडा, दाढदुखी या सगळ्यांची सोंगं आणते.

चेहऱ्यावरच्या नागिणीत एक खूण प्रत्येकाने लक्षात ठेवावी. नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला फोड असेल, तर डोळ्याला बाधा होण्याची शक्यता बरीच वाढते. नाकाच्या शेंड्याकडे आणि डोळ्याच्या आत जाणारा मज्जातंतू एकाच फांदीचा असतो. डोळा लाल नसला, नीट दिसत असलं, तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. कानात किंवा कानाभोवती फोड आणि त्याच बाजूचा चेहरा लुळा पडला, तरी हीच घाई.

आता घरी काय करायचं. आंघोळ करा. नागिणीत पाणी लागू देऊ नये हे खोटं आहे. स्वच्छ पाणी आणि साध्या साबणाने ती जागा धुवून अलगद टिपून घ्या. फोड फोडू नका. आग फार होत असेल तर गार पाण्याची ओली फडकी, मग कॅलामाइन. सैल सुती कपडे. गेरू, चुना, टूथपेस्ट, राख यांनी विषाणूचं काही बिघडत नाही. ओल्या फोडात जिवाणू शिरायला मात्र वाट मिळते. मग पू होतो आणि व्रण राहतो. खाण्याचं पथ्य म्हणून आठवडाभर नुसत्या भातावर राहणाऱ्या म्हाताऱ्यांची मला चिंता वाटते. पेशींची भरती चाललेली असताना प्रथिनं तोडायची? वरण, उसळ, दूध, खात असाल तर अंडं, सगळं चालतं. वेदनाशामक गोळी ‘फार दुखलं तर’ अशी न घेता डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेवर घ्या. आणि फोड गेल्यावर महिनाभरानेही दुखत असेल तर सहन करत बसू नका. प्रीगाबालिन, गाबापेंटिन, ॲमिट्रिप्टिलिन अशी मज्जातंतूंच्या दुखण्यावरची वेगळी औषधं आहेत. नेहमीची दुखण्याची गोळी तिथे फारशी चालत नाही. आत्याला हे कुणी सांगेपर्यंत सहा महिने गेले होते.

सगळ्यात मोठी चूक औषधाच्या दुकानात होते. ‘खाज येतेय, लाल झालंय’ एवढं सांगितलं, की काउंटरवरून एक ट्यूब येते. तिच्यात बहुधा तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक यांची खिचडी असते. अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा आदेश केंद्र सरकारने २०१८ साली काढला. तरी ती मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे. स्टिरॉइड काय करतं? त्वचेतल्या त्याच जागल्यांना झोपवतं. लाली उतरते, खाज थांबते, बरं वाटतं आणि विषाणूला मोकळं रान मिळतं. इसबावर (एक्झिमावर) स्टिरॉइड हे उत्तम औषध आहे. विषाणूच्या पुरळावर मनाने लावायचं मलम ते नव्हे.

चामखिळीचा मामला नागिणीच्या अगदी उलट. नागिणीत पेशींचा गोंधळ ऐकू येतो, चामखिळीत शांतता असते. चामखिळीचा विषाणू रक्तात उतरत नाही, शिरलेल्या पेशी फोडत नाही, त्वचेच्या वरच्या थरातच गुपचूप राहतो. त्यामुळे हाळी उशिरा पडते, कधी वर्ष-दीड वर्षाने. एकदा चामखीळ टी-पेशींच्या नजरेस पडली, की कधीकधी सगळ्या चामखिळी पंधरा दिवसांत गळून पडतात. घोड्याच्या शेपटीचा केस बांधणाऱ्यांची कीर्ती यावरच उभी आहे. लहान मुलांतल्या साधारण दोन तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत आपण होऊन जातात. म्हणून मुलाच्या बोटावरची चामखीळ दुखत नसेल, पसरत नसेल, तर थांबायला हरकत नाही. ॲसिडने, उदबत्तीने जाळणं मात्र नको. सॅलिसिलिक ॲसिडचं औषध सांगितल्याप्रमाणे रोज लावलं तर उपयोग होतो, पण ते तीन महिने चिकाटीने लावावं लागतं आणि तिथेच आपण हरतो. हट्टी चामखिळींसाठी आपल्याकडचे त्वचारोगतज्ज्ञ आता एक उपाय वापरतात: गोवर-गालगुंड-रुबेलाची लस एका चामखिळीत टोचायची. त्या ओळखीच्या गोंधळाने जागले तिथे धावतात आणि शेजारची चामखीळही त्यांच्या नजरेला पडते. अनेकांत दूरच्या, न टोचलेल्या चामखिळीही जातात. (मानेवर लोंबणाऱ्या मऊ मसांनाही आपण चामखीळच म्हणतो. ते बहुधा विषाणूचे नसतात, त्यांना हा उपाय लागू नाही. आणि तळपायाचं ‘कुरूप’ खरवडल्यावर काळे ठिपके दिसले, तर ती चामखीळ असू शकते. मधुमेह्यांनी ते ब्लेडने स्वतः कापू नये.)

मुलांच्या अंगावर मोत्यासारखे, मध्ये खळगी असलेले बारीक दाणे उठतात, त्यांना मोलस्कम म्हणतात. मोलस्कमचा विषाणू पेशींना बोलावणारे निरोपच अडवतो, म्हणून दाणे महिनोनमहिने राहतात. एक दिवस ते अचानक लाल होतात, सुजतात. आई-बाप घाबरून प्रतिजैविक मागतात. बहुतेक वेळा ती बरं होण्याची सुरुवात असते, पेशींना शेवटी निरोप पोचलेला असतो. मूल खेळतंय, ताप नाही, लाली पसरत नाही, तर वाट बघा.

पुन्हा नागिणीकडे येऊ. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी तिची लस आहे. २०२३ पासून ती भारतातही मिळते. तिच्यात जिवंत विषाणू नाही. विषाणूच्या आवरणातलं एक प्रथिन आणि पेशींना जोराने जागं करणारी द्रव्यं आहेत. त्यांतलं एक चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून येतं. वयाने सुस्तावलेल्या टी-पेशींना हाळी मोठ्याने द्यावी लागते, म्हणून ही लस टोचल्यावर एक-दोन दिवस दंड दुखणं, अंग मोडून येणं, ताप हे बऱ्याच जणांना होतं. घाबरण्यासारखं काही नाही, पण लग्नकार्याच्या आदल्या दिवशी घेऊ नये. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस घ्यावे लागतात. मूळ चाचणीत पन्नाशीपुढच्यांमध्ये नागीण टाळण्यात ती सुमारे ९७ टक्के प्रभावी ठरली. सत्तरीपुढेही परिणाम ९० टक्क्यांच्या आसपास राहिला. लस महाग आहे आणि सरकारी दवाखान्यातल्या लसीकरणात नाही. सगळ्यांना परवडणार नाही, हे मान्य. पण ज्यांची कर्करोगाची किंवा संधिवाताची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू व्हायची आहेत, त्यांनी ती सुरू होण्याआधीच डॉक्टरांना या लसीबद्दल विचारावं. अशांना पन्नाशीआधीही ती देतात. आधी नागीण होऊन गेली असेल तरी ती बरी झाल्यावर लस घेता येते. अंगावर फोड असताना तिचा उपचार म्हणून उपयोग नाही.

तरुण माणसाला, विशीत-तिशीत, काही कारण नसताना नागीण झाली तर डॉक्टर एचआयव्हीची चाचणी सुचवतात. यात चारित्र्याचा प्रश्न आणू नका. पहारा का ढिला पडला हे शोधण्याचा तो एक भाग आहे. बहुतेकांची चाचणी निगेटिव्ह येते. सरकारी आयसीटीसी केंद्रात ती मोफत होते आणि गुप्त राहते.

आत्याचा सगळ्यात मोठा प्रश्न वेगळाच होता. सून बाळंतपणाहून परत येणार होती. ‘बाळाला घेऊ ना मी?’ नागीण कुणाला नागीण देत नाही. पण फोडातल्या पाण्यातून, कांजिण्या न झालेल्याला कांजिण्या होऊ शकतात, आणि तान्हं बाळ किंवा कांजिण्या न झालेली गरोदर बाई यांना त्या जड जातात. शेवटचा फोड वाळून त्यावर खपली धरेपर्यंत लांबून बघायचं, ती जागा कपड्याने झाकायची, हात धुवायचे, टॉवेल वेगळा ठेवायचा. नागीण असलेल्या घरात कुणी गरोदर असेल आणि तिला कांजिण्या झाल्याचं आठवत नसेल, तर तिने लगेच आपल्या डॉक्टरांना फोन करावा. खपल्या धरल्यानंतर बाळाला खुशाल मांडीवर घ्यावं. आत्याने अकराव्या दिवशी घेतलं, डाव्या कुशीवर, कारण उजव्या बाजूला अजून हात लावू देत नव्हती.